मालाची चव

फ्रान्सच्या उत्तर सीमेवरच्या आमच्या लिंडझीलमध्ये त्या वस्तूला तिच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. 'माल' म्हणतात. माल भरला, माल उचलला, यंदा माल बरा आहे. बोलणाऱ्याचा चेहरा जराही बदलत नाही, त्यामुळे नवख्या माणसाला वाटते की गाव जवसाच्या व्यापाराबद्दल बोलत आहे. तसे ते खोटेही नाही. जवसाला खत लागते आणि ते खत गावातल्या प्रत्येक घरामागच्या खड्ड्यात रोज थोडे थोडे तयार होते. शेतकरी ते विकत घेतात. शहाणी माणसे त्याला सोनखत म्हणतात. सोन्याचा एवढा अपमान दुसऱ्या कोणत्या शब्दाने झाला असेल असे मला वाटत नाही.

एव्हारिस्त देस्वार्तचे नाव पॅरिसला छापलेल्या एका जाडजूड कोशात आहे. लोखंडी सळ्या घातलेल्या सिमेंटच्या बांधकामातला एक आद्य प्रवर्तक, असे त्याचे वर्णन आहे, आणि 'साध्या घरात जन्म' असेही लिहिले आहे. त्या साध्या घराला दोन मजले, संगमरवरी जिना आणि पियानो होता. फक्त ते त्याच्या आईचे नव्हते. झ्युल्माबाई तिथे मोलकरीण होत्या. घर बिअरवाल्या काप्पलारांचे. एव्हारिस्तचा बाप बोटीवर होता म्हणतात. कोणत्या बोटीवर, हे विचारण्याइतका असभ्य माणूस त्या काळी गावात नव्हता.

मोलकरणीच्या पगाराखेरीज आमच्याकडे एक जुना हक्क चालत आला आहे. ज्या घरात ती राबते त्या घरचा माल तिचा. खड्डा भरला की शेतकऱ्याला बोलवायचे, घासाघीस करायची, पैसे आपल्या पेटीत टाकायचे. म्हणून पोरगी नोकरीला लागताना आधी मालकिणीला विचारते, "घरात माणसं किती? मांस रोज असतं का?" काप्पलारांकडे मांस रोज असे. बिअर तर नळासारखी. झ्युल्माबाईंचा माल साऱ्या पंचक्रोशीत पहिल्या नंबरचा समजला जाई. मठातल्या नन बहिणींच्या मालाला कोणी विचारत नसे, आणि ईस्टरआधीच्या उपासांत तर सगळ्या गावाचाच भाव पडे. धर्म आणि शेती यांचा इतका जवळचा संबंध मी दुसरीकडे वाचलेला नाही.

भाव ठरवायचा तो चव पाहून. हे वाक्य मला लिहून टाकायचे होते, ते टाकले. शेतकरी पिंपाचे झाकण काढतो, उजव्या हाताचे बोट बुडवतो, जिभेच्या शेंड्याला लावतो, घटकाभर ढगांकडे पाहतो, थुंकतो आणि बोलतो. जितका खारट तितका कसदार. कोणाला हे वाचून मळमळले असेल तर तो निरोगी आहे. मला जन्मभर मळमळते आहे आणि सवय होत नाही.

या कलेतला राजा म्हणजे कोर्नील व्हेर्मेर्श. सर्वांत मोठा शेतकरी, गावचा उपमेअर, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. अंगाने आडवा, गालांवर लाली, आवाज असा की बोलतो आहे की आशीर्वाद देतो आहे ते कळू नये. त्याच्या जिभेला साऱ्या जिल्ह्यात मान होता. दोन शेतकऱ्यांत मालावरून भांडण झाले तर ते त्याच्याकडे येत आणि तो शांतपणे बोट बुडवी. झ्युल्माबाईंचा माल तो इतर कोणाला घेऊ देत नसे. "बाई, तुमचा माल म्हणजे माल," असे तो भर बाजारात टोपी काढून म्हणे, आणि झ्युल्माबाई लाजत. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

एव्हारिस्त आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पोरे त्याला "देस्वार्त, आज काय भाव?" असे विचारत. तो कधी मारामारीवर आला नाही. फक्त हात इतके धुवायचा की हिवाळ्यात बोटांना भेगा पडत. हुशार होता, पॅरिसला गेला, इंजिनिअर झाला. त्याचे शिक्षण कशावर झाले ते साऱ्या गावाला ठाऊक होते आणि त्यालाही. सरकारी खात्यातले इंजिनिअर सोनेरी गुंड्यांचा कोट घालतात, उरलेल्यांना नुसते 'सिव्हिल' म्हणतात. म्हणजे बिनवर्दीचे. एव्हारिस्त सिव्हिल झाला. त्याने गिरण्यांच्या गावांना पाणी आणून दिले, सिमेंटमध्ये सळ्या घालून पाण्याच्या टाक्या बांधल्या. वर्दीवाल्यांनी त्याच्या टाक्या पडायची वाट पाहिली. त्या पडल्या नाहीत, तेव्हा त्यांनी त्यांच्याकडे पाहणे सोडून दिले.

लिल शहरात एका वकिलाच्या मुलीशी त्याचे जमत आले होते. साखरपुड्याच्या जेवणाला झ्युल्माबाई गेल्या. सूप आले तेव्हा वकिलीणबाईंनी सहज म्हटले, "मुलाला इतकं शिकवलंत, कौतुक आहे. कसं जमवलंत?" झ्युल्माबाईंनी सांगितले. सविस्तर सांगितले, कारण त्यांच्या मते लपवण्यासारखे त्यात काही नव्हते. मासळी यायच्या आत मुलीचे डोके दुखू लागले आणि ते पुढे कायमचे दुखत राहिले. एव्हारिस्तने नंतर कोणाशी जमवले नाही.

तो गावात परतला तेव्हा मी शाळामास्तर झालो होतो आणि मास्तर म्हणून ओघानेच नगरसभेचा चिटणीस. मेअरच्या खुर्चीवर काप्पलारांचाच मुलगा ओमेर होता. झ्युल्माबाईंनी त्याचीही दुपटी धुतली होती. एव्हारिस्त नकाशांची गुंडाळी घेऊन थेट माझ्या कचेरीत आला.

"मला इथे एकच काम करायचंय," तो म्हणाला. "टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी नळाने घरोघर आणायचं आणि खाली भुयारी गटार घालायचं. गावात एकही खड्डा ठेवायचा नाही."

"शेतकरी काय म्हणतील?"

"शेतकऱ्यांनी गुरं पाळावीत. मास्तर, दर उन्हाळ्यात इथे ताप येतो. विहीर आणि खड्डा यांच्यात एका भिंतीचं अंतर, आणि ती भिंतही पाझरते. पण ते सोड. ताप नसता तरी मी हेच केलं असतं. माझ्या आईच्या गावात कोणी पिंपात बोट घालून उभा राहिलेला मला मरण्यापूर्वी दिसायला नको."

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितले की मला त्याची भीती वाटली. एकच गोष्ट हवी असणारा माणूस गावात राहायला आला की गावाला करमणूक होते आणि माणसाचे वाटोळे.

ओमेर काप्पलारला पाणी हवे होते. बिअर पाण्याची होते आणि त्याच्या विहिरीतल्या पाण्याबद्दल तो स्वतःही फार विचार करत नसे. पण व्हेर्मेर्शच्या मतांशिवाय त्याची खुर्ची नव्हती. म्हणून त्याने त्याच्या स्वभावातला मार्ग काढला. चर्चमागच्या गल्लीत फक्त नळ द्यायचे, गटार नंतर पाहू. नळ आले. त्याबरोबर संडासात साखळी ओढून पाणी सोडायची टाकीही आली. बायका पहिल्या दिवशी नळाकडे पाहत खुर्च्या टाकून बसल्या. उन्हाळ्याच्या शेवटी शेतकऱ्यांनी ओरड सुरू केली की गल्लीतला माल पातळ झाला. नगरसभेत गदारोळ झाला.

"पाणी घालून विकतात," व्हेर्मेर्श म्हणाला. "दुधात पाणी घातलं तर पोलीस येतात. इथे इंजिनिअर स्वतः नळ बसवून देतो."

"मस्यू व्हेर्मेर्श, लोक पाणी तुमच्या मालात घालायला घेत नाहीत. धुवायला घेतात," एव्हारिस्त म्हणाला.

"आधी काय धुत नव्हते?"

सभेत हशा पिकला. प्रश्न खरा होता.

"तुम्हाला पाणी आणि बिनपाणी यांतला फरक जिभेने कळतो, असं तुमचं म्हणणं," एव्हारिस्त म्हणाला. त्याचा आवाज थंड होता. "मग चाखून दाखवा. दोन पिंपं ठेवू. एक नळाच्या घरचं, एक बिननळाच्या. कोणतं कोणाचं ते मेअरसाहेबांनाच ठाऊक असेल. तुम्हाला ओळखता आलं तर मी नकाशे गुंडाळून जातो. आलं नाही तर ही हरकत संपली."

"संपली," व्हेर्मेर्श म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर, एखाद्या गायकाला गायचा आग्रह व्हावा, तसे तेज आले.

कोणती हरकत संपली हे नीट विचारावे असे एकाही सुशिक्षित माणसाला सुचले नाही. आम्ही सगळे त्या बोटाकडे पाहत होतो.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एव्हारिस्त गल्लीत घरोघर फिरला आणि संडासाची साखळी जरा कमी ओढा म्हणून सांगून आला. "शास्त्राला थोडी मदत," तो मला म्हणाला. स्वच्छतेसाठी लढणारा माणूस लोकांना अस्वच्छ राहायला सांगत होता, आणि आम्हा दोघांनाही त्यात फारसे काही वाटले नाही, हे मी नमूद करून ठेवतो. गल्लीतून माल कोणत्या घरचा घ्यायचा हे मेअरने ठरवले होते. ते झ्युल्माबाईंचे घर निघाले. नोकरी सोडल्यावर त्या त्या गल्लीतच राहत, आणि मुलगा इंजिनिअर म्हणून नळ पहिला त्यांच्याकडेच बसला होता. दुसरे पिंप पाद्रीबाबांच्या घरचे. त्यांनी नळ घेतला नव्हता. बायबलातल्या नोहाच्या प्रलयात पाणी घरात आल्याने काय झाले ते त्यांना पाठ होते.

परीक्षा कुठे घ्यावी यावर बराच खल झाला. सभागृहात नको असे फक्त मी म्हणालो. शेवटी बाजाराच्या कमानीखाली घ्यायचे ठरले. रविवारी प्रार्थना आटोपली आणि सारे गाव चांगल्या कपड्यांत तिथे लोटले. आगीच्या बंबवाल्यांचा बँड होता. एका बाईने वॅफल भाजायला घेतले आणि तिचा धंदा त्या दिवशी उत्तम झाला. त्या वासात लोक खात होते. मी तेव्हाच समजायला हवे होते की या गावाला गटार नको आहे.

पिंपे आली. पहिल्यावर पिवळा रुमाल, दुसऱ्यावर निळा. व्हेर्मेर्शने कोट काढून पुतण्याकडे दिला. जिन दारूचा एक घोट घेऊन चूळ भरली, पावाचा तुकडा चावला, बाही वर केली. बँड थांबला.

पिवळ्या पिंपात बोट गेले. त्याने ते जिभेला लावले, वर पाहिले, थुंकला.

"पाणी," तो म्हणाला. "नुसतं पाणी. ह्यात अंग नाही. हा माल माझ्या कोबीलाही देणार नाही."

माणसे माना डोलावत होती, जणू त्यांच्याही जिभेवर ते आले होते.

निळ्या पिंपाशी तो जास्त वेळ थांबला. बोट जिभेवरून काढले तरी डोळे मिटलेले. मग त्याने पुन्हा बोट बुडवले. पुन्हा. मी दुसरीकडे पाहिले, पण कान मिटता येत नाहीत.

"हा माल आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आमच्या वडिलांच्या वेळेचा. कसा आहे सांगू? पहिल्यांदा मागे राहतो, मग एकदम उठतो. मीठ आहे, जोर आहे. हे घर जुन्या वळणाचं आहे. ह्या घरात नळ असूच शकत नाही."

ओमेर काप्पलारने घसा साफ केला. "पिवळं पाद्रीबाबांचं," तो म्हणाला. "निळं झ्युल्माबाईंचं. नळाच्या घरचं."

पाद्रीबाबा लाल झाले. साऱ्या गावासमोर आपल्या प्रकृतीची अशी निंदा कोणालाच आवडत नाही. "उपास पाळणाऱ्याची ही किंमत," असे काहीसे पुटपुटत ते निघून गेले. लोक हसत होते. एव्हारिस्तचा चेहरा मात्र लहान पोरासारखा उघडला होता. तो शाळेत असतानाही मी तसा पाहिला नव्हता.

"मग हरकत संपली," तो म्हणाला.

"संपली," व्हेर्मेर्श म्हणाला. तो जराही खजील झाला नव्हता. राजे खजील होत नाहीत, मत बदलतात. "मी दिला शब्द पाळतो. नळाने मालाचं वाईट होत नाही. उलट भलं होतं, हे ह्या जिभेने आज पाहिलं. घरोघर नळ द्या, मेअरसाहेब. लोकांनी पाणी प्यावं, भरपूर प्यावं. पण हा असला माल," आणि त्याने निळ्या पिंपावर, पोराच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला, "हा असला माल जमिनीखालून वाहून द्यायचा? गटारात? तेवढा वेडेपणा लिंडझील करणार नाही."

टाळ्या पडल्या. बँडला वाटले कार्यक्रम संपला, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

त्या दुपारी मी एव्हारिस्तबरोबर त्याच्या आईकडे गेलो, कारण त्याला एकटे सोडावेसे वाटेना. झ्युल्माबाईंनी चिकोरीची कॉफी करून ठेवली होती. त्या आनंदात होत्या.

"कसा पाडला की नाही त्याला?" त्या म्हणाल्या. "बघ, आईशिवाय तुझं काही होत नाही."

"तू काय केलंस?"

"मी काय करणार? हेरिंग मासळीच्या पिंपातलं खारं पाणी. दोन बादल्या. थोडी जुनी बिअर. वास बसायला एक रात्र पुरते." त्यांनी साखर पुढे सरकवली. "तुझा नळ खरंच पातळ करत होता रे. कोणालाही कळलं असतं."

एव्हारिस्तने साखरेला हात लावला नाही. मग म्हणाला, "हे तू आधीही केलंयस."

"काप्पलारांकडे हेरिंग रोज असायचा. ते पाणी टाकून द्यायचं का? सगळ्याच पोरी करायच्या. फक्त त्यांना प्रमाण कळायचं नाही."

"म्हणजे इतकी वर्षं तो माणूस जे चाखून टोपी काढायचा..."

"तो हेरिंग होता," झ्युल्माबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा थोड्या हसल्या. "कॉफी घे."

मला हसू यायला हवे होते. पण टेबलाशी बसलेल्या माणसाकडे पाहून ते आले नाही. आपण कशावर शिकलो याची त्याला जन्मभर शिसारी होती. आता कळले की ते पैसे निव्वळ मालाचेही नव्हते. ती शिसारीसुद्धा भेसळीची होती.

"आई, मला हे सभेत सांगावं लागेल," तो म्हणाला. "परीक्षा खोटी ठरली की त्यावरचा निर्णयही पडेल. माल पातळ होतो हे सिद्ध झालं तर त्यांना दोनच वाटा आहेत. नळ काढा, नाहीतर खड्डे काढा. ओमेर आता नळ काढणार नाही. त्याने त्याच पाण्यावर बिअर लावलीय."

"सांग की," झ्युल्माबाई म्हणाल्या. "तुझं तोंड आहे."

त्याने याला होकार समजले. मीही समजलो.

पुढच्या सभेत तो उभा राहिला आणि सांगितले. एकही विशेषण न वापरता, पाण्याच्या टाकीचा हिशेब मांडावा तसे. व्हेर्मेर्शचा चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला.

"हेरिंग?" तो म्हणाला. "मला हेरिंग कळत नाही? मी आयुष्यभर शुक्रवारी उपासाला दुसरं काय खातो?"

"तेच तर," मागून कोणीतरी म्हणाले.

"बाईंना बोलवा," व्हेर्मेर्श ओरडला. "त्यांच्या तोंडून ऐकू दे."

झ्युल्माबाई आल्या. काळा झगा, पांढरी कडक टोपी, हातात जपमाळ. ओमेर काप्पलारने उठून त्यांना खुर्ची दिली. व्हेर्मेर्शही उठला.

"झ्युल्माबाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरेच कापत होता, "मी तुमच्या मालाला कधी नाव ठेवलं नाही. तुम्हीही मला कधी फसवलं नाहीत. आज हा तुमचा मुलगा म्हणतो की त्यात मिठाचं पाणी होतं. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

झ्युल्माबाईंनी मुलाकडे पाहिले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी खाली पाहिले.

"माझा माल नेहमीच चोख होता, मालक," त्या म्हणाल्या. "पोरगा थकलाय. त्याला फार काम पडतं."

व्हेर्मेर्शने पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला आणि वाकून त्याला ओठ लावले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. दोन-तीन सभासदांनी नाके शिंकरली. इतकी घाणेरडी आणि इतकी मनापासूनची गोष्ट मी सभागृहात दुसरी पाहिली नाही, आणि त्या सभागृहात मी बरेच काही पाहिले आहे.

मतदान झाले. गटाराचा ठराव पडला. एव्हारिस्तच्या बाजूने त्याचे नकाशे होते, पण नकाशांना मत नसते.

जिन्यावर तो आईची वाट पाहत उभा होता. मी मागे होतो.

"का?" त्याने विचारले.

"गटार काय, आज नाही झालं तर उद्या होईल," झ्युल्माबाई म्हणाल्या. "नाही झालं तरी लोक जगतातच. पण ह्या गावात मला सगळे टोपी काढून भेटतात. बापाशिवाय पोर वाढवलं तरी. ते कशामुळे? मी चोख म्हणून. ते गेलं तर मी उरते कोण? नुसती मोलकरीण."

"आई, त्या चोखपणाला वास येतो."

"येऊ दे. तू कधी जवळ राहिलास की तुला त्रास व्हावा?"

तो तिचा हात धरून तिला उतरवत खाली घेऊन गेला, कारण जिना निसरडा होता.

त्याने त्याच दिवशी गाव सोडले असते तर या कहाणीला थोडी शोभा राहिली असती. पण घरोघर नळ आले, आणि पाणी येते तेव्हा कुठेतरी जावे लागते. जुने खड्डे विटांचे, तेही पाझरणारे. ते आठवड्याआठवड्याला भरू लागले. तळघरे ओली झाली. बटाट्यांना, गादीला, शाळेच्या पुस्तकांना तोच वास येऊ लागला. विहिरींचे पाणी पिवळे दिसू लागले. नळ असला तरी सुपाला लोक विहिरीचेच पाणी वापरत. त्याला चव असते असे त्यांचे म्हणणे, आणि ते मला मान्य आहे. चेहऱ्यावर निरागस भाव आणून ओमेर काप्पलार एव्हारिस्तकडे आला.

"खड्डे मोठे हवेत," तो म्हणाला. "आणि न पाझरणारे. तुझ्या त्या टाक्यांसारखे. गावात दुसरं कोणाला येतंय ते?"

"सगळ्यांचा मिळून एकच हौद बांध. गावाबाहेर. निदान ते तरी."

"एक कसा? माझ्या घरचं आणि विणकराच्या घरचं एकत्र करायचं? पोरींचा हक्क कुठे जाईल? व्हेर्मेर्श तर ऐकणारही नाही. घराघराचा वेगळा."

एव्हारिस्तने नकार दिला. मग तापाचा हंगाम आला आणि गल्लीत शवपेट्या जाऊ लागल्या. एका सकाळी तो माझ्या कचेरीत आला आणि कागद मागितला. त्याने तिथेच उभ्याने नव्या खड्ड्याचा आराखडा काढला. सळ्यांची जाळी, त्यावर पातळ सिमेंट, तळ अंड्यासारखा गोल, झाकण हवाबंद. रेषा सुंदर होत्या. त्याला वाईट काम करता येत नव्हते, हीच त्याची अडचण.

ते खड्डे गावभर झाले. एकही पाझरला नाही. विहिरी हळूहळू निवळल्या, ताप ओसरला. लोकांनी त्यावरून जो निष्कर्ष काढायचा तोच काढला. बघा, गटाराशिवाय भागलं. मग शेजारच्या गावांनी मागवले. बेल्जियमहून माणसे आली, हॅटी काढून खड्ड्यात उतरली, टिपणे घेऊन गेली. कोशातला तो परिच्छेद या खड्ड्यांवर उभा आहे. खड्डा नाहीसा करायला निघालेल्या माणसाने असा खड्डा बांधला की तो आता कधीच नाहीसा होणार नाही. इतक्या चांगल्या वस्तूवर गटाराचा खर्च कोण करील?

आणि 'सळ्यांचा न पाझरणारा खड्डा' असे लांबलचक नाव घ्यायचा सगळ्यांना कंटाळा. मोलकरणींनी त्याला नाव दिले ते असे की ते आता साऱ्या जिल्ह्यात चालते. 'देस्वार्त.' तुमच्याकडे देस्वार्त आहे का? आमचा देस्वार्त मोठा आहे. देस्वार्त भरला, गाडीवाल्याला सांग. शेतकरी म्हणतात, देस्वार्तचा माल मुरलेला असतो, जुन्या खड्ड्याला ती सर नाही.

त्यानंतर एव्हारिस्त लिलला राहायला गेला, पण दर महिन्याला आईला भेटायला येतो. अशाच एका भेटीत मीही जेवायला होतो. झ्युल्माबाईंनी बिअरमध्ये शिजवलेले मांस वाढले होते. खिडकी उघडी होती. बाहेर व्हेर्मेर्शची गाडी थांबली आणि गाडीवाल्याने हाक दिली.

"झ्युल्माबाई, देस्वार्त उपसायचाय का?"

झ्युल्माबाई डाव हातात धरून खिडकीशी गेल्या.

"अजून आठवडा जाऊ दे," त्या म्हणाल्या. "अर्धाच भरलाय."

त्या परत येऊन बसल्या आणि मुलाच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. एव्हारिस्त ताटाकडे पाहत राहिला. मग त्याने काटा उचलला आणि खायला लागला.